एका वस्तूची तीन नावं

खताच्या गोणीवर नत्र, स्फुरद, पालाश असं छापलेलं असतं. शेतकऱ्याला तेवढं पुरतं. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात त्याच तिघांचे नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅशियम होतात. पुढं अकरावी सायन्सला गेलं की सगळा धडाच इंग्रजीत, आणि नावाच्या जागी नुसती अक्षरं: एन, पी, के. पोटॅशियमची खूण पी का नाही, के का? तर लॅटिनमध्ये त्याला कॅलियम म्हणतात म्हणून. वस्तू एकच, आपल्याच शेतात फेकलेली. नावं मात्र तीन. आमच्या दहिसरच्या ज्या पोरांनी चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी रसायनशास्त्राच्या आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या परीक्षा दिल्या, त्यांची खरी परीक्षा या तीन नावांमधून वाट काढण्याची होती. कुणी पार झालं, कुणी मधेच अडकलं. त्यांची हकीकत कुठं लिहिलेली नाही, म्हणून मी लिहितो. मी स्वतः दहावीपर्यंत शिकलेला शेतकरी. तेव्हा यात पंडिताचं काही सापडणार नाही, पाहिलेलं आणि विचारून घेतलेलं तेवढंच सापडेल.

आजच्या वाचकाला दहिसर म्हणजे चेकनाका, मेट्रो आणि उंच इमारती. पण १९५७ साली बृहन्मुंबईची हद्द दहिसर-मुलुंडपर्यंत आली, त्याच्या आधी आम्ही ठाणे जिल्ह्यातलं एक गाव होतो. पूर्वेला जंगल आणि डोंगर, तिथून उतरणारी दहिसर नदी, मधे भाताची खाचरं, आणि पश्चिमेला खाडीकडं मिठागरं. गावाच्या छातीवरून रेल्वे जात होती. विजेची गाडी १९२८ साली बोरिवलीपर्यंत आली आणि १९३६ साली विरारपर्यंत गेली, म्हणजे आमच्या डोक्यावरच्या तारांत तेव्हापासून पंधराशे व्होल्टची वीज वाहत होती. घरात मात्र कितीतरी वर्षं कंदीलच. वीज बघायची ती रुळावर. हद्द बदलली तरी माणसं, शेतं आणि बोली पुढची पंचवीस-तीस वर्षं गावाचीच राहिली.

आमच्या म्हाताऱ्यांना रसायनशास्त्र हा शब्द ठाऊक नव्हता. पण पावसाआधी ते राब भाजायचे. शेण, पाला, गवत रोपवाटिकेच्या जागेवर पसरून जाळायचं आणि त्या राखेत भात पेरायचा. तण जळतं, रोप जोमानं येतं, एवढं ते सांगत. राखेत पालाश असतो हे पुस्तक सांगतं. मिठागरात तर रोजचीच प्रयोगशाळा. उधाणाच्या भरतीचं पाणी आत घ्यायचं, मोठ्या तळ्यात साठवायचं, मग एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात फिरवत उन्हानं दाट करायचं. एक लिटर समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यातला चुनखडीच्या जातीचा भाग, म्हणजे जिप्सम, आधीच खाली बसतो. पाणी साधारण २५ डिग्रीवर आलं की मीठ धरायला लागतं. ही डिग्री बघायला काचेची तरंगती नळी असते. पण जुना मिठागरी नळी न बघता पाण्याच्या रंगावरून आणि जिभेवरून सांगायचा. मीठ धरून झालं की उरलेलं कडू पाणी सोडून द्यायचं. ते ठेवलं तर मीठ कडवट होतं आणि पावसाळ्यात पाणी सुटतं, कारण त्यात मॅग्नेशियमचे क्षार राहिलेले असतात. कुठला पदार्थ आधी बसेल, कुठला मागाहून, हे कॉलेजात शिकवायला एक अख्खा धडा लागतो. आमच्याकडं तो पिढ्यान्‌पिढ्या हातात होता, फक्त त्याला नाव नव्हतं.

आता शाळेचं. अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावीची एसएससी आली, तिची पहिली परीक्षा १९७५ च्या मार्चमध्ये झाली. मी १९७७ साली बसलो. विज्ञान मराठीतच. आम्ल, आम्लारी, क्षार, द्रावण, मूलद्रव्य, संयुजा. शब्द जड होते, पण त्यांना आपल्या भाषेची मुळं होती. आम्ल म्हटलं की आंबट आठवायचं, क्षार म्हटलं की खारी जमीन. मला बरे मार्क पडले. पण घरात कामाला माणूस हवा होता, धाकटी भावंडं शिकायची होती, आणि थोरल्यानं शेत बघायचं हे न बोलता ठरलेलं असायचं. मी शेतात राहिलो, तीन वर्षांनी धाकटा भाऊ दहावी झाला आणि त्याला अकरावी सायन्सला घातला.

त्या काळात इलेक्ट्रॉनिक्स या शब्दाला मोठं वजन आलं होतं. मुंबईत दूरदर्शन १९७२ च्या २ ऑक्टोबरला सुरू झालं होतं. १९७३ मध्ये अंधेरीला सिप्झ उभं राहिलं, तिथं परदेशी जाणारा इलेक्ट्रॉनिक्सचा माल तयार होऊ लागला. आमच्या स्टेशनातून लोकल पकडून तिथं कामाला जाणारी पोरं-पोरी दिसू लागली. गल्लीत रेडिओ दुरुस्तीची दुकानं निघाली, आणि सुटे भाग आणायला लॅमिंग्टन रोडला जाणं ही पोरांची जत्रा झाली. त्याच सुमारास, १९७८ च्या आसपास, सरकारनं ज्युनिअर कॉलेजात द्विलक्ष्यी अभ्यासक्रम आणले. पोरं त्याला बायफोकलच म्हणत. फिजिक्स, केमिस्ट्री, गणित शिकायचं आणि जोडीला दोनशे मार्कांचा धंद्याचा विषय घ्यायचा, त्यात इलेक्ट्रॉनिक्स एक. बारावीनंतर इंजिनिअरिंगलाही जाता येईल, नाही जमलं तर हातात कसब राहील, असा हिशेब. शेतकऱ्याच्या घराला हा हिशेब पटला.

आमच्याकडून दोघं गेले. एक माझा भाऊ. दुसरा त्याचा शाळेतला दोस्त, मिठागरात राबणाऱ्या घरातला. दोघं वर्गात पुढं असायचे. अकरावीच्या पहिल्या महिन्यातच दोघांचे चेहरे उतरले. कारण विचारलं तर भाऊ म्हणाला, "दादा, विषय अवघड नाय रे. सर काय बोलतात तेच कळत नाय."

हे कसं होतं ते नीट सांगतो, कारण शहरातल्या वाचकाला वाटतं की दोन-चारशे शब्द पाठ केले की झालं. तसं नाही. मराठीत आम्लारी म्हणजे आम्लारीच. इंग्रजीत त्याला बेस म्हणतात. सकाळी केमिस्ट्रीच्या तासाला बेस म्हणजे साबणासारखा बुळबुळीत लागणारा पदार्थ. दुपारी इलेक्ट्रॉनिक्सच्या तासाला बेस म्हणजे ट्रान्झिस्टरचा मधला पाय. गणिताच्या तासाला तिसराच बेस. सोल्यूशन म्हणजे एका तासाला द्रावण, दुसऱ्या तासाला गणिताचं उत्तर. सॉल्ट म्हटलं की आमच्या पोरांना मीठ आठवणार, आणि प्रयोगशाळेत सर निळ्या रंगाचं मोरचूद हातात देऊन म्हणणार, हे सॉल्ट ओळख. इंग्रजी शाळेतली पोरं हे शब्द आठवीपासून ऐकत आलेली. आमच्या पोरांना विषय आणि भाषा एकाच वेळी, एकाच तासात, आणि कुणी मागं वळून बघायला तयार नाही.

भावानं मग एक वही केली. पानाला तीन रकाने. पहिल्यात इंग्रजी शब्द, दुसऱ्यात शाळेतला मराठी शब्द, आणि तिसऱ्यात, ही गंमत आहे, आपल्याकडं त्याला काय म्हणतात. तिसरा रकाना भरायला तो माझ्याकडं यायचा. रात्री जेवणं झाली की ओट्यावर बसून तो पुस्तकातलं वाक्य त्याला समजेल तसं सांगायचा, आणि मी विचारायचो, म्हणजे कशासारखं?

डायोड आला तेव्हा असंच झालं. वीज एकाच बाजूला जाऊ देतो, उलटी येऊ देत नाही. मी म्हटलं, ही तर उघाडी. खाडीच्या बांधाला आपण लाकडी झडप बसवतो. ओहोटीला शेतातलं गोडं पाणी तिला ढकलून बाहेर जातं, भरतीला खारं पाणी तिलाच दाबून बंद करतं. माणूस लागत नाही. भाऊ उठून उभाच राहिला. मग पुढचं त्यानंच जुळवलं. घरातली वीज म्हणजे भरती-ओहोटी, सेकंदाला पन्नास वेळा येणारी-जाणारी, तिला एसी म्हणतात. रेडिओला एका दिशेनं वाहणारी वीज लागते, ती डीसी. मधे उघाडी बसवली की एकाच दिशेची वीज मिळते, पण ती हप्त्याहप्त्यानं येते. म्हणून पुढं साठवणीचं तळं ठेवायचं, म्हणजे धार सारखी राहते. त्या तळ्याला पुस्तकात कपॅसिटर म्हणतात, मराठीत संधारित्र, आणि दुकानात कंडेन्सर. इथंही नावं तीनच. आपल्या लोकलच्या तारेत तेव्हा डीसी होती. पुढं ती बदलत बदलत २०१२ साली पश्चिम रेल्वेच्या साऱ्या उपनगरी मार्गावर पंचवीस हजार व्होल्टची एसी झाली. ज्या रुळाशेजारी भाऊ अभ्यास करायचा, त्याच रुळावर त्याचा धडा धावत होता.

सगळ्यात मजा आली ती सिलिकॉनच्या धड्याला, कारण तिथं केमिस्ट्री आणि इलेक्ट्रॉनिक्स एका बांधावर भेटतात. सिलिकॉनच्या अणूला बाहेरच्या बाजूला चार इलेक्ट्रॉन. चारही शेजाऱ्यांशी हात धरून बसलेले, म्हणून वीज फारशी वाहत नाही. त्यात अगदी चिमूटभर फॉस्फरस मिसळला, तर त्याला बाहेर पाच इलेक्ट्रॉन, एक मोकळा उरतो आणि फिरतो. बोरॉन मिसळला तर त्याला तीनच, एक जागा रिकामी राहते. त्या रिकाम्या जागेला पुस्तकात होल म्हणतात, आणि होलसुद्धा चालतं असं लिहिलेलं. भावाचा दोस्त म्हणाला, "भोक कसं चालेल?" लावणी केलेल्या माणसाला हे कळतं. ओळीत एक रोप मेलं की नांगी पडते. शेजारचं रोप उपटून तिथं लावलं तर नांगी भरली, पण शेजारी नवी पडली. रोपं एकीकडं सरकतात, नांगी दुसरीकडं. वहीत होलसमोर तिसऱ्या रकान्यात भावानं लिहिलं: नांगी.

आणि तो फॉस्फरस म्हणजे आपलं स्फुरद. तुर्भ्याचा खत कारखाना १९६५ साली सुरू झाला, तिथून सुफला पंधरा-पंधरा-पंधरा यायचं. पन्नास किलोच्या गोणीत स्फुरद साडेसात किलो, असं आम्ही धरून चालायचो. भावानं केमिस्ट्रीच्या हिशेबानं दाखवलं की गोणीवरचं स्फुरद म्हणजे फॉस्फरसचं ऑक्साइड धरलेलं असतं, दोन फॉस्फरसला पाच ऑक्सिजन. निव्वळ फॉस्फरस त्यात सव्वातीन किलोच्या आसपास. इतकी वर्षं गोण्या उचलून मला जे कळलं नव्हतं, ते त्याच्या अकरावीच्या अभ्यासातून कळलं. म्हणजे वहीची वाट दोन्ही बाजूंनी चालायची.

या दोन्ही पेपरांत एक माणूस मात्र सारखा भेटायचा. मायकेल फॅरेडे. केमिस्ट्रीत त्याचे विद्युत अपघटनाचे नियम: ९६,५०० कूलोंब वीज गेली की १०८ ग्रॅम चांदी बसते. इलेक्ट्रॉनिक्समध्ये कंडेन्सरचं माप फॅरड, ते त्याच्याच नावानं. मिठाच्या पाण्यातून वीज सोडली की क्लोरीन, हायड्रोजन आणि कॉस्टिक सोडा मिळतो, तो धडाही त्याच रांगेतला. हा फॅरेडे म्हणजे लोहाराचा पोरगा, जन्म १७९१ चा, शाळा जेमतेम. पुस्तकं बांधायच्या दुकानात उमेदवारी करताना त्यानं जेन मार्सेट नावाच्या बाईंचं रसायनशास्त्राचं पुस्तक वाचलं. ते १८०६ साली निघालेलं, बाई आणि तिच्या दोन शिष्यिणी बोलतायत अशा संवादाच्या रीतीनं लिहिलेलं. सोप्या बोलण्यातून त्याला विषयाचं दार उघडलं, हे तो मोठा झाल्यावरही मानत होता.

ही रीत आपल्याकडंही लौकर आली होती. मुंबईत १८३० च्या दशकात हरी केशवजी पाठारे यांनी विज्ञानावरचे आणि रसायनशास्त्रावरचे संवाद मराठीत आणले. तेव्हा मुंबई विद्यापीठ निघालंसुद्धा नव्हतं, ते १८५७ चं. म्हणजे मराठीत रसायनशास्त्र बोलता येतं की नाही, हा प्रश्न आमच्या पोरांच्या दीडशे वर्षं आधी सुटायला लागला होता. पुढं १९६६ साली मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली, तिनंही हेच काम धरलं. १९७४ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र काढलं. व्ही. जी. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जळगाव जिल्ह्यात खिरोद्याच्या बाजूला खेड्यांतल्या शाळांत काम केलं, आणि मुंबईत महापालिकेच्या शाळांतल्या दलित मुलांबरोबर. पुस्तकाची भाषाच मुलांच्या वाटेत आडवी येते, ती सोपी केली की तीच मुलं विज्ञान समजून घेतात, हे त्यांनी तपासून दाखवलं. हे काम ज्या वर्षांत चाललं होतं, त्याच वर्षांत, त्याच मुंबईत, आमची दोन पोरं ओट्यावर तीन रकाने भरत होती. एकाला दुसऱ्याची खबर नव्हती.

परीक्षा १९८२ ला झाली. इलेक्ट्रॉनिक्समध्ये दोघांना चांगले मार्क पडले, कारण तिथं हातानं करून दाखवायचं काम भरपूर होतं. रेझिस्टन्सवरचे रंगाचे पट्टे दोघांना तोंडपाठ: काळा शून्य, तपकिरी एक, लाल दोन, नारिंगी तीन, असं पांढऱ्याच्या नऊपर्यंत. तपकिरी, काळा, लाल दिसला की हजार ओहम. रंगाला भाषा लागत नाही. केमिस्ट्रीत भाऊ पार झाला. दोस्त नापास झाला. त्याला थिअरीत वाक्यं लिहिता आली नाहीत. ऑक्टोबरला परत बसला, परत तेच. तिसऱ्यांदा फॉर्म भरायला घरात पैसे नव्हते आणि त्याच्या मनातही उरलं नव्हतं. ज्या पोराला मिठाचं पाणी चाखून ते कुठल्या टप्प्यावर आहे ते सांगता यायचं, त्याच्या नावापुढं केमिस्ट्रीत नापास असा शिक्का बसला. तो पुढं टेम्पो चालवू लागला, संसार नेटका केला, पोरांना शिकवलं. रेडिओ-टीव्ही मात्र आजूबाजूचे सगळे त्याच्याकडूनच दुरुस्त करून घ्यायचे. भाऊ डिप्लोमा करून एका कारखान्यात लागला आणि तिथूनच निवृत्त झाला.

दोघांत डोक्याचा फरक नव्हता, हे मी ठामपणे सांगतो. फरक एवढाच की एकाच्या घरी शेजारी बसून "म्हणजे कशासारखं?" असं रोज विचारणारा कुणी होता. दुसऱ्याच्या घरचे उन्हाळाभर मिठागरात आणि पावसाळ्यात दुसऱ्याच्या बांधावर. त्याला विचारायला कुणी रिकामं नव्हतं. त्यांच्या घरी ज्ञान कमी नव्हतं, तिसरा रकाना तर त्यांच्याच घरी सगळ्यात मोठा भरला असता. पण तो भरून घ्यायला कुणी आलं नाही.

आता दिवस पालटलेत. मराठी शाळांत सेमी-इंग्रजी आलं, गणित-विज्ञान इंग्रजीतून शिकवतात. अकरावीला धक्का बसत नाही, हे चांगलंच झालं. आमच्या घरातली आताची पोरं बेस, सॉल्ट, सोल्यूशन लीलया बोलतात. पण मोबाइलमध्ये डायोडचं चित्र बघणाऱ्या पोराला उघाडी म्हणजे काय हे ठाऊक नाही. आमची शेतं इमारतीखाली गेली, मी आता पालघरकडं थोडी जमीन कसतो. मिठागरंही ओस पडत चालली. पूर्वी पोरांकडं वस्तू होती, नाव नव्हतं. आता नाव आहे, वस्तू नाही. पाठांतर दोन्ही वेळा सारखंच.

म्हणून कुणाच्या घरात दहावी-बारावीचं पोर असेल, त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. आपल्याला केमिस्ट्री येत नाही म्हणून लांब बसू नका. वहीला तीन रकाने पाडा. पहिले दोन पोर भरेल. तिसरा आई, आजी, गवंडी, गाडी दुरुस्त करणारा, मीठ पिकवणारा, ज्याला जे येतं त्यानं भरावा. लोणच्यात मीठ का घालतात, चुन्यावर पाणी टाकलं की ते का उकळतं, इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी का घालावं लागतं, हे सगळं परीक्षेतच येतं, फक्त दुसऱ्या नावानं. आणि गुरुजींना सांगणं असं, की पोरानं मराठीत उत्तर दिलं तर आधी उत्तर बरोबर आहे का ते बघा, भाषा मागाहून सुधारेल. आमच्या गावानं एक चांगला रसायनशास्त्री टेम्पोवर घालवला. तसा दुसरा जायला नको.